परसातलं पहिलं छोटं तळं: सोलापुरात खर्चाचा हिशेब कसा मांडायचा

परसात तळं करायचं ठरलं की बहुतेक जण दोनच आकडे विचारतात. खोदाईला किती आणि कागदाला, म्हणजे तळ्याच्या प्लॅस्टिक अस्तराला, किती. हे दोन आकडे हाती आले की तळं परवडतं असं वाटतं आणि कामाला सुरुवात होते. पुढे काठाची फरशी, विजेची जोडणी, जाळी असं एकेक निघत जातं. मग एप्रिल येतो आणि पाणी डोळ्यांदेखत खाली जायला लागतं. अर्ध्या भरलेल्या, हिरवट पाण्याच्या, पंप बंद पडलेल्या कितीतरी टाक्या आपल्याकडे बंगल्यांच्या मागे पडून आहेत. त्यांच्या मालकांना हौस कमी नव्हती. हिशेब खड्ड्यापाशी थांबला होता, एवढंच.

सोलापुरात तळ्याचं अंदाजपत्रक पाण्यापासून सुरू करावं. तळ्याचा आकार बजेटवर ठरवण्याआधी मे महिन्यात तुम्ही त्याला रोज किती पाणी देऊ शकता यावर ठरवा. बाकीचे आकडे त्यातून आपोआप निघतात.

आधी पाण्याचा हिशेब

एक सोपं माप लक्षात ठेवा. एक चौरस मीटर पाण्यावरून एक मिलिमीटर पाणी उडालं म्हणजे एक लिटर गेलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, हवा कोरडी असते, दुपारी वारा असतो. अशा दिवसांत उघड्या पाण्याची पातळी रोज साधारण एक सेंटिमीटर उतरते असं धरून चाला. म्हणजे चौरस मीटरला रोज १० लिटर.

आता ८ फूट लांब, ५ फूट रुंद, दोन फूट खोल तळं घेऊ. पहिल्या तळ्याला हा आकार पुरेसा आहे आणि पुढचा सगळा हिशेब मी याच मापावर मांडतो. ८ गुणिले ५ म्हणजे ४० चौरस फूट, म्हणजे ३.७ चौरस मीटर. मे महिन्यात रोज ३७ लिटर उडणार, १५ लिटरच्या अडीच बादल्या. महिन्याला ११०० लिटर, गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीपेक्षा थोडं जास्तच. वर्षभरात मिळून उघड्या पाण्यावरून दोन मीटरच्या आसपास पाणी उडतं असं धरलं तर ७४०० लिटर होतात. साडेपाचशे मिलिमीटर पाऊस धरला तर त्यातले सुमारे २००० लिटर आकाशातून परत मिळतात. उरलेले ५४०० लिटर तुम्ही घालायचे.

हा आकडा घरातल्या माणसांसमोर मोठ्याने वाचा. ज्या घरात नळाला रोज पाणी येत नाही, पाण्याच्या दिवशी पहाटे उठून टाक्या भराव्या लागतात, तिथे मे महिन्यातल्या अडीच बादल्या कुणाच्या वाटणीतून जाणार हे आधी ठरलेलं बरं. बोअर असेल तर प्रश्न सोपा वाटतो, पण तुमचा बोअर मेमध्ये किती वेळ चालतो ते शेजारच्या जुन्या माणसाला विचारून घ्या.

आता आकार वाढवला तर काय होतं ते पाहा, कारण खरा घोटाळा इथेच होतो. लांबी-रुंदी दुप्पट करून १६ बाय १० फूट केलं तर कागद साधारण सव्वादोन पट लागतो. दुकानात उभं असताना हे स्वस्तच वाटतं. पण पाण्याचं क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणजे मे महिन्यात रोज १५० लिटर. याउलट ८ बाय ५ चं तळं दोन फुटांऐवजी अडीच फूट खोल केलं तर कागद थोडाच जास्त लागतो, खोदाई पावपट वाढते आणि बाष्पीभवन एक थेंबही वाढत नाही. शिवाय खोल पाणी सावकाश तापतं. वीस अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला तो साडेसातवर येतो. उथळ तळ्यातले मासे मे महिन्यात पहाटे पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेताना दिसतात त्याचं एक कारण हेच. म्हणून सोलापुरात पैसे खोलीवर घाला, पसरटपणावर नको. किमान दोन फूट, जमलं तर अडीच.

बोअरचं पाणी आणि उरणारे क्षार

पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. हे खर्चाच्या कागदावर कुणी लिहित नाही, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो.

आपल्या तळ्यात कोनाकोपरे आणि काठालगतची आतली पायरी वजा जाता साधारण १८०० लिटर पाणी मावेल. समजा बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, १००० आहे. म्हणजे पहिल्या भरणीतच १.८ किलो क्षार तळ्यात गेले. वर्षभरात भरीचं ५४०० लिटर पाणी गेलं, त्यासोबत आणखी ५.४ किलो. पाणी तेवढंच राहिलं आणि क्षार झाले ७.२ किलो, म्हणजे टीडीएस ४००० वर. काठावर पांढरा थर बसतो, कमळाची पानं कडेने जळतात, मासे सुस्तावतात. मालक म्हणतो, पाणी तर रोज घालतोय.

यावर उपाय म्हणजे दर पंधरा दिवसांनी दहावा हिस्सा, साधारण २०० लिटर पाणी काढून ताजं घालणं. काढलेलं पाणी वाया जात नाही, माशांच्या विष्ठेमुळे ते झाडांना उत्तम खत असतं. पण हिशेबात वर्षाला आणखी ५००० लिटर धरा. एकूण झाले सुमारे साडेदहा हजार. ज्यांच्या गच्चीचं पाऊसपाणी साठवायची सोय आहे त्यांनी तेच तळ्यासाठी राखून ठेवावं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ४६ लिटर, तेव्हा दोन-तीन चांगल्या सरींत एक मोठी टाकी सहज भरते.

नळाचं पाणी वापरणार असाल तर ते थेट माशांवर सोडू नका. क्लोरीन असतं. ड्रममध्ये एक दिवस उघडं ठेवून मग घाला. म्हणजे एक २०० लिटरचा ड्रमही यादीत आला. बहुतेक घरी तो असतोच.

जागा आणि जमीन

घराच्या पूर्वेला, जिथे सकाळचं ऊन चार-पाच तास मिळतं आणि दुपारी भिंतीची सावली पडते, ती जागा सगळ्यात स्वस्त पडते. पश्चिमेची उघडी जागा घेतली तर शेडनेटचा खर्च आणि जास्तीचं पाणी दोन्ही आलं. कडुलिंबाखाली सावली छान असते, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ सुरू झाली की रोज जाळी घेऊन बसावं लागतं. पानं तळाशी कुजली की पाणी काळं पडतं. पायापासून निदान पाच फूट लांब राहा आणि सेप्टिक टँकच्या जवळ तर जाऊच नका.

आता जमीन. मजूर बोलावण्याआधी कुदळ घेऊन एक फूट बाय एक फूट, अडीच फूट खोल असा चाचणीचा खड्डा स्वतः मारा. या एका सकाळच्या कामावर खोदाईचा दर ठरतो. काळी माती निघाली तर खोदणं सोपं, पण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत विटांची टाकी बांधली तर दोन-तीन वर्षांत भिंतीला तडे जातात, नाहीतर आधी माती काढून मुरूम भरून ठोकून घ्यावा लागतो. कागदाचं तळं मात्र जमिनीबरोबर थोडं हलू शकतं. मुरूम लागला तर जमीन उत्तम, फक्त मजुरी जास्त. आणि दीड फुटावर कातळ लागला तर ब्रेकरच्या नादी लागू नका. दीड फूट खाली आणि एक फूट वर बांध घालून तळं उचलून घ्या, खोली तेवढीच मिळते.

८ बाय ५ चा सव्वादोन फुटी खड्डा म्हणजे ९० घनफूट, जवळजवळ एक ब्रास. खणलेली माती फुगून सव्वापट होते. ती टाकायची कुठे हे आधी ठरवा, नाहीतर ट्रॉलीवाल्याला पैसे द्यावे लागतात. तळ्याच्या मागे उंचवटा करून झाडं लावली तर तो खर्च वाचतो. फक्त उतार तळ्याकडे ठेवू नका, पावसात माती पाण्यात येते.

कागद की सिमेंट

पहिल्या तळ्याला माझा सल्ला स्पष्ट आहे: कागद. आपल्या जिल्ह्यात द्राक्षं-डाळिंबांसाठी शेततळी गावोगाव झाली आहेत, त्यामुळे शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद आणि तो बसवणारी माणसं इथे सहज मिळतात. हा फायदा मोठ्या शहरातल्या हौशी माणसाला सहसा नसतो.

कागदाचं माप असं काढायचं: लांबी अधिक दोनदा खोली अधिक दोन फूट. रुंदीचंही तसंच. आपल्या तळ्याला ८ अधिक ४ अधिक २ म्हणजे १४ फूट, आणि ५ अधिक ४ अधिक २ म्हणजे ११ फूट. १५४ चौरस फूट, साधारण १४.३ चौरस मीटर. १५ घ्या. खोली अडीच फूट केली तर १५ बाय १२, म्हणजे १७ चौरस मीटर. तुकडा सलग हवा, जोड नको. शेततळ्याचे कागद बसवणाऱ्या ठेकेदारांकडे कापून उरलेले असे तुकडे पडलेले असतात. दुकानात जाण्याआधी तिथे विचारा.

जाडी डोळ्याने कळत नाही आणि तिथेच फसवणूक होते. वजन करून घ्या. ५०० मायक्रॉनच्या साध्या एचडीपीई प्लॅस्टिक फिल्मचा एक चौरस मीटर सुमारे ४७० ग्रॅम भरतो. म्हणजे १५ चौरस मीटरचा तुकडा सात किलोच्या आसपास हवा. चार-सव्वाचार किलो भरला तर तो ३०० मायक्रॉनचा आहे, दुकानदार काहीही सांगत असला तरी. ताडपत्रीचा विचारही करू नका. आपल्या उन्हात ती फार तर वर्षभर टिकते, आणि गळायला लागते तेव्हा तळ्यात मासे असतात.

कागदाखाली गादी लागते. मुरमाचे टोकदार खडे काढून दोन इंच बारीक वाळू किंवा क्रश सँड पसरा आणि त्यावर खताच्या, सिमेंटच्या रिकाम्या प्लॅस्टिक गोण्या उघडून अंथरा. सोलापुरात प्रत्येक घरात जुन्या चादरींचा गठ्ठा असतो आणि त्या अंथरायचा मोह होतो. सुती चादर ओलाव्याने कुजते आणि आपल्या जमिनीतली वाळवी ती वर्षभरात खाऊन टाकते, मग खाली पोकळी राहते. चादरी राहू द्या, गोण्याच घ्या.

एचडीपीई कागद कडक असतो आणि उन्हात पसरतो, रात्री आकसतो. म्हणून तो सकाळी लवकर अंथरा आणि ताणून बसवू नका. अनवाणी आत उतरून तळाशी आधी बसवा, पायरीच्या कोपऱ्यात त्याची घडी एकाच बाजूला पाडा, साडीच्या निऱ्या जशा एका दिशेने घेतात तशी. मग थोडं थोडं पाणी सोडत जा. पाण्याच्या वजनाने कागद खाली सरकतो आणि तुम्ही वरून सैल सोडत राहायचं. तळं पूर्ण भरेपर्यंत कडेचा कागद कापू नका.

सिमेंटचं तळं कुणी करावं? ज्यांच्या अंगणात सगळी फरशी आहे, खणता येत नाही आणि जमिनीवर हौद बांधायचा आहे त्यांनी. याच मापाच्या अडीच फूट उंच, नऊ इंची भिंतीला साडेसहाशेच्या आसपास विटा लागतात. सिमेंट, वाळू, वॉटरप्रूफिंग, गवंड्याचे तीन-चार दिवस असं धरलं की कागदाच्या तळ्यापेक्षा खर्च निदान दुपटीने वाढतो. त्यात नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, तेव्हा भरून आठवडाभर ठेवणं आणि ओतून देणं असं दोन-तीनदा करावं लागतं. त्या पाण्याचे पैसेही हिशेबात धरा. मधला मार्ग असा की भिंत विटांची आणि आत कागद. तो चांगला आहे.

काठ, आणि पाण्याची पातळी

काठाला शहाबादी फरशी घ्या. आपल्याला ती जवळून येते आणि स्वस्त पडते. २६ फुटांच्या घेराला एक फूट रुंद पट्टी, कोपरे आणि तुटफूट धरून ३४ चौरस फूट. फरशी आतल्या बाजूला दोन इंच पुढे काढा, म्हणजे कागदावर ऊन पडत नाही आणि त्याचं आयुष्य वाढतं.

फरशी बसवण्याआधी गवंड्याला लेव्हलची नळी लावायला सांगा. तो म्हणेल, एवढ्याशा कामाला काय नळी. तरी सांगा. काठ एका बाजूला इंचभर खाली राहिला तर पाणी तिथून वाहतं आणि समोरच्या बाजूला इंचभर काळा कागद कायम उघडा दिसतो. फरशी बसल्यावर ते दुरुस्त करायचं म्हणजे अर्धं काम पुन्हा.

ओव्हरफ्लोचा पाइप याच वेळी घाला. आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात, तोही एकेका रात्रीत धो धो. त्या पाण्याला वाट दिली नाही तर ते काठाखालची माती धुऊन नेतं. दीड-दोन इंची पाइप, तोंडाला जाळी, दुसरं टोक आंब्या-चिक्कूच्या आळ्यात. तीनशे रुपयांचं काम आहे.

पंप आणि वीज

तळ्यातलं पाणी दोन तासांत एकदा फिरलं पाहिजे. १८०० लिटरला ताशी ९०० लिटरचा पंप. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, पाणी दोन-तीन फूट वर चढवायचं असेल तर प्रवाह बराच घटतो. म्हणून ताशी १२०० लिटरचा, २० वॉटच्या आसपासचा घ्या. २० वॉट चोवीस तास म्हणजे रोज ०.४८ युनिट, महिन्याला साधारण साडेचौदा.

घरात पडून असलेला अर्ध्या एचपीचा पंप वापरू असं बरेच जण म्हणतात. त्याची विजेची भूक निदान ३७० वॉटची. चोवीस तास चालवला तर महिन्याला २६६ युनिट, आणि ते तुमच्या बिलाला थेट वरच्या स्लॅबमध्ये नेतात. फुकटचा पंप पहिल्याच महिन्यात नव्या पंपापेक्षा महाग पडतो.

विजेच्या जोडणीत काटकसर नको. पाणी, ओले हात आणि लहान मुलं एकत्र आहेत. तळ्याच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच, वायर कंड्युटमधून आणि सॉकेट पावसापासून झाकलेला, जमिनीपासून दोन फूट वर. घरचं अर्थिंग नीट आहे का तेही त्याच दिवशी तपासून घ्या. हे वायरमनकडूनच करून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड खिडकीतून बाहेर काढून तळं चालवू नका, एक दिवससुद्धा.

फिल्टर घरी होतो. झाकणाची वीस लिटरची बादली, फोमचे दोन थर, वर नायलॉनच्या घासण्या. फोम नळाखाली धुऊ नका, तळ्याच्याच पाण्यात पिळा. त्यात वाढलेले जिवाणू माशांच्या घाणीतला अमोनिया पचवतात आणि क्लोरीनने मरतात.

जाळी: यादीत सगळ्यात वर

दोन फूट पाण्यात लहान मूल बुडू शकतं. घरात किंवा शेजारी पाच-सात वर्षांपर्यंतचं मूल असेल तर पाणी भरण्याआधी जाळी. अँगलच्या चौकटीवर दोन-तीन इंची चौकोनांची वेल्डेड जाळी, मुलाचं वजन पेलेल अशी, दोन भागांत, कुलूप लावता येईल अशी. कमळाची पानं त्यातून सहज वर येतात आणि ढोकरी-खंड्यापासून मासेही वाचतात. ही जाळी तळ्यातली सगळ्यात महाग वस्तू ठरते आणि बहुतेक जण ती पुढच्या वर्षावर ढकलतात. पैसे कमी पडत असतील तर पंप, कमळं, मासे सगळं पुढे ढकला, जाळी मात्र नको.

डास, झाडं, मासे

साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी हलतं ठेवणं आणि गप्पी मासे हे दोन उपाय पुरतात. गप्पी आरोग्य खात्याच्या हिवताप विभागाकडे बहुधा मोफत मिळतात, चौकशी करा. दहा-पंधरा आणले तर दोन महिन्यांत मोजता येणार नाहीत इतके होतात.

दोन कमळं, म्हणजे वॉटर लिली, पसरट कुंडीत काळ्या मातीत लावून. पानांनी निम्मं पाणी झाकलं की पाणी कमी तापतं, शेवाळ आवरतं, बाष्पीभवनही थोडं घटतं. नदी-तलावातली जलपर्णी फुकट मिळते म्हणून आणू नका. भीमेच्या काठच्या लोकांना विचारा ती काय करते ते. गोल्डफिश चार-पाच पुरेत. कोई कार्पला हे तळं लहान आहे. थाई मांगूर कुणी कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका, त्याच्या पालनावर बंदी आहे.

आता सगळे आकडे एका कागदावर

खालचे दर हिशेबाची रीत दाखवायला धरले आहेत. तुमच्या भागातला दर विचारून प्रत्येक ओळीत तो घाला. तळं ८ बाय ५ बाय २ फूट, जमीन मुरमाड.

- खोदाई, तीन मजूर-दिवस, ७०० प्रमाणे: २,१००
- माती हलवणं: ८००
- वाळू आणि गोण्या: ६००
- कागद, १५ चौ. मी., ११० प्रमाणे: १,६५०
- शहाबादी फरशी, ३४ चौ. फूट, ३५ प्रमाणे: १,१९०
- काठाचं सिमेंट-वाळू, गवंडी आणि हाताखालचा माणूस: २,३००
- ओव्हरफ्लो: ३००
- पंप आणि नळी: १,४००
- आरसीसीबी, वायर, सॉकेट, वायरमन: ३,२००
- फिल्टर: ७००
- जाळी: ४,०००
- कमळं, कुंड्या: १,०००
- मासे: ३००
- पहिलं पाणी: ४००

बेरीज १९,९४०. यावर पंधरा टक्के, म्हणजे तीन हजार वेगळे ठेवा. खोदताना जुना पाइप लागतो, फरशी कमी पडते. म्हणजे २३ हजारांची तयारी हवी.

खोदाई, माती, गादी आणि कागद या पहिल्या चार ओळी मिळून ५,१५० होतात, एकूण खर्चाच्या जेमतेम चौथा हिस्सा. तळं म्हणजे हेच असं समजून जो पाच-सहा हजार खिशात घेऊन निघतो त्याचं काम काठापाशी अडतं. स्वतः खोदलं, ठेकेदाराकडून उरलेला तुकडा मिळवला, कमळाचे कंद ओळखीच्या घरून आणले तर चार हजार तरी वाचतात. कागदाची जाडी, आरसीसीबी, जाळी आणि ओव्हरफ्लो यांत वाचवू नका.

वर्षाचा खर्च वेगळ्या कागदावर मांडा. वीज १७३ युनिट, शेवटच्या स्लॅबचा दर १० रुपये धरला तर १,७३०. पाणी साडेदहा हजार लिटर, पाच हजारांचा टँकर हजार रुपयांना धरला तर २,१००. खाद्य ६००, खत २००, उन्हाळ्यातलं शेडनेट ३००. पंप दोन वर्षांनी बदलावा लागेल, त्याचे वर्षाला ६००. झाले ५,५३०, महिन्याला साधारण ४६०. हा आकडा जड वाटत असेल तर तळं ६ बाय ४ करा. हौस तेवढीच भागते आणि मे महिन्यात रोज २२ लिटरवर निभावतं.

काम केव्हा काढायचं

दिवाळीनंतर. पाऊस संपून जमीन खणायला मऊ असते, चिखल नसतो, पाण्याची ओढ सुरू झालेली नसते. पहिल्या आठवड्यात खड्डा, गादी, कागद आणि काठ. पाणी भरण्याआधी जाळी आणि आरसीसीबी. मग पंप चालू करून तीन-चार आठवडे फक्त कमळं आणि दहा-बारा गप्पी, म्हणजे फिल्टरमध्ये जिवाणू जम धरतील. गड्डा यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत संक्रांतीच्या आसपास, गोल्डफिश सोडायला हरकत नाही. थंडीत कमळ वाढत नाही म्हणून काळजी करू नका, फेब्रुवारीत ऊन वाढलं की पानं धरतं आणि एप्रिलपर्यंत पाणी झाकतं. उन्हाळ्यात सुरू केलेल्या तळ्याला ही सावली तयार करायला वेळच मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये वरून पन्नास टक्क्यांचं शेडनेट दुपारपुरतं ओढून घ्या.

पहिल्या उन्हाळ्यात पाणी उतरायला लागलं की कागद फाटला अशी शंका येतेच. कागद उपसण्याआधी एक चाचणी करा. आतल्या पायरीवर एक बादली ठेवा, तिच्यात तळ्याच्याच पातळीइतकं पाणी भरा, बादलीवर आतून आणि काठावर खूण करा. पंप बंद ठेवून चोवीस तासांनी दोन्ही खुणा पाहा. दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलं असेल तर ते उन्हाने नेलं आहे. तळ्यातलं जास्त उतरलं असेल तर भर घालणं थांबवा आणि पातळी स्थिर होईपर्यंत वाट पाहा. पाणी जिथे थांबेल त्याच रेषेवर भोक सापडतं, आणि उरलेल्या कागदाच्या तुकड्याने ते बुजवता येतं. म्हणून काठ कापताना निघालेल्या पट्ट्या फेकू नका.